पाहुण्याचा जामीन कोण?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. परदेशी पर्यटक आडवाटेच्या मुलखात जातात, तिथे त्यांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, असा प्रश्न होता. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नाही. तेव्हा सभेत कोणी इतिहासाचे जाणकार असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं. पण प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरंही आपल्याकडे फार जुनी आहेत.

सुरुवात इब्न बतूतापासून करतो. हा मोरोक्कोतल्या टँजियर गावचा माणूस, महंमद तुघलकाने दिल्लीत काझी नेमलेला. १३४२ साली सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलं. नजराण्यात घोडे, गुलाम, उंची कापड, सगळं होतं आणि बंदरापर्यंत सोबतीला हजार स्वार होते. आजच्या भाषेत म्हणायचं तर झेड प्लस सुरक्षा! मंडळी दिल्लीहून निघून कोल, म्हणजे आजचं अलीगढ, तिथपर्यंत पोचली. जवळच्या जलाली गावावर हल्ला झालाय अशी बातमी आली, आणि हे स्वार मदतीला धावले. म्हणजे बघा, पाहुण्याच्या रक्षणाला दिलेली फौज स्थानिक भांडणात उतरली. त्या धामधुमीत बतूता सोबत्यांपासून तुटला. शत्रूचे स्वार मागे लागले, तो एका घळीत उतरला, आणि पुढे चाळीसेक तिरंदाजांच्या हाती सापडला. अंगावरचं लुटून त्यांनी त्याला तिघांच्या ताब्यात दिलं. त्याला मारायचं ठरलं होतं.

तो वाचला कसा, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. पहारेकऱ्यांतल्या म्हाताऱ्याला त्याची दया आली. मग एका तरुणाने त्याचा चांगला अंगरखा मागून घेतला, स्वतःचा जुना फाटका त्याला दिला आणि वाट दाखवली. पुढे कित्येक दिवस सुलतानाचा हा वकील बोरं खात, कपाशीच्या शेतात लपत भटकत राहिला. एका विहिरीवर पाणी काढायला भांडं नव्हतं, म्हणून पायातला जोडा बांधून आत सोडला. तो तुटून पडला, तेव्हा दुसरा सोडला. शेवटी हातात काठी आणि तांब्या घेतलेला एक अनोळखी माणूस भेटला. त्याने याला थेट पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत पोचवलं.

हजार स्वार कामी आले नाहीत. कामी आली ती एकाची दया, दुसऱ्याची अंगरख्याची हौस आणि तिसऱ्याची पाठ. हा नशिबाचा भाग झाला. पण सगळेच प्रवासी काही नशिबावर चालत नव्हते. त्यासाठी व्यवस्था होती, आणि ती बतूताच्याही हजारेक वर्षं आधीची आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात एक नियम आहे. तांड्याने गावात मुक्काम करताना आपल्याजवळ काय किमतीचा माल आहे ते सांगावं. मग त्यातलं काही चोरीला गेलं तर गावप्रमुखाने भरून द्यायचं. दोन गावांच्या मधल्या रानात चोरी झाली तर कुरणांवरच्या अधिकाऱ्याने, आणि जिथे तोही नाही तिथे चोर पकडायला नेमलेल्या माणसाने. म्हणजे वाटेचा एकही तुकडा असा ठेवायचा नाही की जिथे विचारायला कोणी नाही. यात प्रवाशावरही एक बंधन आहे, ते तुमच्या लक्षात आलं का? त्याने आधी सांगायला हवं. गुपचूप आला आणि लुटला गेला, तर त्याची भरपाई कोणी कशाच्या आधारावर मागायची?

हीच कल्पना आपल्या गावगाड्यात होती. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचं काम आलंय. आपल्याकडे तो रामोशी, जागल्या, कुठे भिल्ल. चोरी झाली की त्याने माग काढायचा. पावलं शिवेपार गेली की पुढच्या गावाच्या हवाली करायची, आणि मग तो माग त्या गावाच्या गळ्यात. ज्या गावाला तो शिवेबाहेर नेऊन दाखवता आला नाही, त्याने भरायचं. यातून निरपराध गावं भरडली जात असणार, याविषयी मला शंका नाही. सामुदायिक दंडात ते होतंच.

गुजरात-काठेवाडात आणखी एक विलक्षण प्रकार होता. तांड्याबरोबर भाट किंवा चारण जामीन म्हणून चालायचा. लुटारू आले की तो त्यांच्यावर शस्त्र उगारत नसे. स्वतःच्या अंगावर कट्यार धरायचा. चारणाच्या रक्ताचं पाप डोक्यावर घ्यायला लुटारूही कचरायचे. याला म्हणत ‘त्रागा’. आज आपण घरात कोणी आदळआपट केली की ‘उगाच त्रागा करू नकोस’ म्हणतो, त्या शब्दामागे हे रक्त आहे. पण हा उपाय चालायचा कुठे? जिथे लुटारू आणि चारण एकच पाप मानत होते तिथे. परक्या समजुतीच्या माणसापुढे ती कट्यार निरुपयोगी.

आता माझ्या विषयाकडे येतो. कान्टने १७९५ साली शाश्वत शांततेवर छोटासा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ कोनिग्जबर्गच्या परिसराबाहेर फारसा गेलाच नाही, आणि प्रवाशाच्या हक्कांवर लिहितो! तो म्हणतो, परक्याला दुसऱ्याच्या भूमीवर जाऊन भेटण्याचा हक्क आहे, पाहुणा म्हणून राहण्याचा नाही. तो शांतपणे वागतोय तोवर त्याला शत्रू समजू नये. त्याला परत पाठवता येईल, मात्र त्यात त्याचा नाश होता कामा नये. आणि लगेच पुढे तो युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांना झोडपतो. तुम्ही भेटायला म्हणून जाता आणि जिंकून घेता, तेव्हा चीन-जपानने तुम्हाला रोखलं हे शहाणपणाचंच झालं, असं म्हणतो.

कान्टची ही अट मला नोव्हेंबर २०१८ मध्ये फार टोचली. अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर एक तरुण अमेरिकी धर्मप्रचारासाठी गेला आणि मारला गेला. त्या बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जायला बंदी आहे, १९५६चा आदिवासी संरक्षणाचा नियम आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी लोकांना लागणाऱ्या विशेष परवान्यातून २९ बेटं वगळली गेली, त्यांत हेही होतं! बाकीची बंधनं कायम होती, हे खरं. पण एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्याने कडी काढायची, हा कारभार मला आजही उमगलेला नाही.

तो मच्छीमारांना पैसे देऊन, गस्त चुकवून गेला. कौटिल्याच्या भाषेत, न सांगता शिरलेला. पहिल्या भेटीत एका मुलाने बाण सोडला, तो त्याच्या हातातल्या बायबलला लागला. याला मी परत पाठवणं म्हणतो. तो पुन्हा गेला.

त्याचं मरण योग्य होतं असं मी म्हणणार नाही. कोणाचा तरी मुलगा गेला. पण बेटावरच्या लोकांची आठवण कुठवर जाते ते बघा. १८८० साली पोर्टमन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथून एक वयस्कर जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळी आजारी पडली, म्हातारी दोघं मेली. मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर सोडून दिलं. ती मुलं कोणता रोग घेऊन परतली असतील, कोणाला विचारणार? बाहेरच्या साध्या सर्दीतापाशीही ज्यांच्या शरीराची ओळख नाही, त्यांच्यासाठी किनाऱ्यावर उतरलेला निःशस्त्र माणूसही निःशस्त्र नसतो. आणि हे लोक काही उगाच बाण सोडत नाहीत. १९९१ साली मानववंशशास्त्रज्ञांच्या तुकडीकडून त्यांनी पाण्यात उतरून नारळ घेतलेत. त्यांत मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. पुढे सरकारनेच त्या मोहिमा थांबवल्या, आणि ते बरं झालं असं माझं मत आहे.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या श्रोत्याला माझं उत्तर असं. स्पितीत, गडचिरोलीत, नागा टेकड्यांत पाहुण्याची जबाबदारी घेणारं गाव असतं. त्याने आधी सांगून, गावच्या माणसाला सोबत घेऊन जावं, आणि काही झालं तर सरकारने कौटिल्याप्रमाणे जबाबदारी झटकू नये. सेंटिनेलवर मात्र जामीन राहणारं कोणीच नाही, कारण तिथे कोणी कोणाला बोलावलेलंच नाही.

त्या घटनेनंतर पोलिसांची नाव बेटाजवळ गेली. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, किनाऱ्यावर धनुष्यबाण घेतलेली माणसं उभी होती. पोलीस लांबच थांबले आणि मागे फिरले. त्याला नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. मृतदेह आणायचा का, यावर बरीच चर्चा झाली, आणि शेवटी तो तिथेच राहू दिला.