इंग्रजी शब्दाची फोड आणि आघात

इंग्रजी शब्दाची अक्षरे मोजणे मराठी माणसास चमत्कारिक वाटते. आपली लिपी उच्चाराची फोड बव्हंशी स्वतःच करून देते. रोमन लिपी ती देत नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये वर्ण 9, परंतु उच्चारात अक्षर एकच. शब्द कोठे तोडावा, हे म्हणूनच खुद्द इंग्रजांच्या मुलांनाही शिकवावे लागले.

टॉमस डिलवर्थ यांच्या 1740 च्या शालेय पुस्तकाच्या पद्धतीत ‘नेशन’ शब्दाच्या शेवटाची दोन अक्षरे धरीत. तसा उच्चार तोवर लोपला होता. 1783 साली अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी ही रीत मोडून कान हेच प्रमाण मानले.

आघाताचा इतिहास मात्र निराळा आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात शब्दांवर आघाताची खूण केली. स्वरांचा उच्चार दिला नाही. ती उणीव टॉमस शेरिडन यांनी 1780 मध्ये आणि जॉन वॉकर यांनी 1791 मध्ये भरून काढली. हे दोघेही पूर्वी रंगभूमीवरील नट होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

फोड आणि आघात ही दोन भिन्न कामे आहेत, हाच या इतिहासाचा बोध. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो, आघात सरकला की उरलेले स्वर पुसट होतात. ‘इक’, ‘शन’, ‘इटी’ असा शेवट असलेल्या शब्दांत आघात बहुधा त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो. ‘पॉलिटिक्स’, ‘अरिथ्मेटिक’ असे काही अपवाद आहेत, तरी लांब शब्दांच्या रानात हा नियम वाटाड्याचे काम करतो.

आपण वृत्तात लघुगुरू मोजतो ते काळाने, जोराने नव्हे. मराठीत आघात हलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ शब्दाचा आघात हलला की नामाचे क्रियापद होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आमच्या जुन्या घरांत इंग्रजी आली ती शाळेच्या पाठांतरातून आणि कचेरीच्या टिपणांतून, म्हणजे डोळ्यांच्या वाटेने. त्यामुळे स्पेलिंग पक्के असूनही आमचा शब्द परक्या कानाला पुष्कळदा उमगत नाही. नातवंडांना शब्दकोश हाती देताना अर्थाआधीची ती बारीक आघातखूणही दाखवावी, असे आम्हांस वाटते.