मधुमेहाचे पूर्वरूप : रक्तपरीक्षेच्या निकषांचा इतिहास

चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची जी पूर्वरूपे सांगितली आहेत, त्यांत तोंडाला येणारी गोडी, हातापायांची आग व बधिरता आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्यांचे धावणे यांचा समावेश आहे. रोग पूर्णपणे प्रकट होण्यापूर्वीच त्याची चाहूल ओळखावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मात्र चरकाचे पूर्वरूप इंद्रियांना जाणवणारे होते. आजचे पूर्वरूप म्हणजे स्वतःला निरोगी समजणाऱ्या प्रौढाच्या रक्तातील एक आकडा होय. या आकड्याला पूर्वसूचनेचा अधिकार कसा प्राप्त झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिव्हरपूल येथील वैद्य मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मधुमेही रोग्याचे मूत्र आटवून साखरेसारखा पदार्थ मिळाल्याचे नोंदवले आणि रोग्याचा रक्तद्रवही चवीला गोड असल्याचे सांगितले. या दुसऱ्या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. साखर मूत्रपिंडात निर्माण होत नसून ती रक्तातूनच तेथे येते, असा त्याचा अर्थ होता. तरीही व्यवहारात दीर्घकाळ मूत्रपरीक्षेचेच राज्य राहिले. फोलिन व वू यांच्या पद्धतीसारख्या सोप्या रीती १९२० च्या सुमारास उपलब्ध झाल्यावर रक्तशर्करेचे मापन दवाखान्यांच्या आवाक्यात आले. मूत्रपरीक्षेची उणीव उघड होती : १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅम ही मर्यादा रक्तशर्करेने ओलांडल्याखेरीज साखर सामान्यतः मूत्रात उतरत नाही. ज्याला आरंभीच ओळखावयाचे, तोच मनुष्य या परीक्षेतून निसटत होता.

असे किती जण निसटतात, याचे पहिले ठळक मोजमाप अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या लहान गावी झाले. विल्करसन व क्रॉल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत ३,५१६ व्यक्तींचे मूत्र व रक्त तपासण्यात आले. ७० मधुमेही आढळले. त्यांपैकी ३० जणांना आपल्या रोगाची कल्पनाही नव्हती.

येथून खरा प्रश्न उद्भवला. समाजातील रक्तशर्करेची मूल्ये सामान्यतः खालून वर अखंड चढत जातात. निरोगी कोठे संपतो व रोगी कोठे सुरू होतो, हे निसर्गाने आखून दिलेले नाही. केली वेस्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, नामांकित तज्ज्ञांचे निकषही एकमेकांशी जुळत नव्हते. या गोंधळातून वाट काढण्यास ॲरिझोना येथील पिमा जमातीच्या अभ्यासाची मदत झाली. मधुमेहाचे प्रमाण अत्यंत अधिक असलेल्या या जमातीत मूल्यांचे दोन वेगळे उंचवटे आढळतात, हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका विशिष्ट पातळीच्या वर दृष्टिपटलाचे विकार वाढतात, हेही पुढे दिसून आले. १९७९ साली अमेरिकेतील तज्ज्ञसमितीने उपाशीपोटी १४० व ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम अशा मर्यादा ठरवल्या. दोन तासांनंतरचे मूल्य १४० ते १९९ असणाऱ्यांसाठी तिने एक मधला वर्गही निर्माण केला. रोगी नव्हे, पण जोखमीत असलेला प्रौढ हा शास्त्रीय वर्ग म्हणून येथे स्थिर झाला. उपाशीपोटीची मर्यादा १९९७ मध्ये १२६ वर आणण्यात आली. शरीर तेच राहिले, परंतु कित्येकांचे नामाभिधान बदलले.

दरम्यान तेहरानमधील सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेही रोग्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक विशिष्ट अंश वाढलेला आढळला. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने हा अंश, म्हणजेच एचबीए१सी, मागील दोन-तीन महिन्यांच्या शर्करेचा सरासरी हिशेब देतो. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा सुचवली. पुढील वर्षी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ५.७ ते ६.४ टक्के हा जोखमीचा पट्टा मान्य केला.

परंतु एका समाजात पारखलेली रेषा दुसऱ्या समाजात तोच अर्थ देते काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. तेथील तरुणांच्या एका गटात ग्लुकोज-चाचणीनुसार ७.८ टक्के जण मधुमेहपूर्व अवस्थेत होते. एचबीए१सीच्या निकषाने मात्र हे प्रमाण २३.३ टक्के भरले. या तफावतीचे अंशतः कारण लोहाच्या कमतरतेमुळे होणारा पांडुरोग हे होते. ज्या देशात पांडुरोग घरोघर आढळतो, तेथे शर्करेची म्हणून वाचलेली खूण काही अंशी लोहाच्या अभावाचीही असू शकते.

यावरून पूर्वनिदान व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जोखमीत असलेल्यांनी आहार-व्यायामात बदल केल्यास मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटते, हे २००२ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. चेन्नईच्या रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भारतीयांत ही घट २८.५ टक्के असल्याचे दाखवले. वेळीच ओळखल्याने माणूस वाचतो, हे निःसंशय. पण ज्या आकड्याच्या आधारे आपण त्याला ओळखतो, तो मोजमाप आणि संमती या दोहोंतून घडलेला असतो. म्हणून कोणताही निकष स्वीकारताना तो कोणत्या लोकांवर, कोणत्या रीतीने व कोणत्या हानीच्या संदर्भात ठरवला गेला, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. चरकाने पूर्वरूपांची एक मालिका दिली होती, एकच खूण नव्हे. रक्तातील आकडाही इतर खुणांसमवेतच वाचला पाहिजे.