वाचनालयाचं पुस्तक

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली निघालं. पुढे गिरगाव-दादरकडच्या वाचनालयांची पुस्तकं आमच्या कोकणातल्या वाडीतही पोचली, ती लालबागच्या गिरणीकामगारांच्या ट्रंकेतून. शिमग्याला थोरले काका येत, दोन तरी पुस्तकं असतच. एक पुस्तक वाडीभर फिरे. निघायच्या आदल्या रात्री आई ते घरोघर शोधी. अनामत अडकलेली ना! 1982च्या संपानंतर काकाच गावी परतले, पुस्तकं यायची थांबली.

2007 साली अमेरिकेत किंडल निघालं, यथावकाश इथं आलं. दादरचा पुतण्या आता गणपतीला अख्खं कपाट पिशवीत घालून येतो. वाचनालयाची वर्गणी त्यानं केव्हाच बंद केली. हेलपाटा आणि दंड दोन्ही वाचले, हे खरंच.

"एखादं ठेवून जा की," मी म्हटलं.

"काका, मग यंत्रच ठेवावं लागेल."