एकाक्षाची वंशावळ

ग्रीक महाकाव्यातला एकाक्ष राक्षस पॉलिफीमस १७५८ साली प्राणिशास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. लिनियसने आपल्या 'सिस्टेमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत 'मोनोक्युलस', म्हणजे 'एकाक्ष', या नावाचा एक वंश मांडला आणि त्याला कीटकवर्गातल्या पंखहीनांच्या पंगतीत बसवले. या एका वंशात हातभर लांबीचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा सागरी प्राणी होता, त्याचे नाव मोनोक्युलस पॉलिफीमस. त्याच वंशात डबक्यातली पाणपिसू होती. आणि डोळे ताणून पाहिल्याशिवाय न दिसणारा, चार शिंगांसारख्या स्पर्शिकांचा एक जलचर होता. नालेसारख्या त्या प्राण्याला वस्तुतः अनेक डोळे आहेत. म्हणजे हे वर्गीकरण डोळ्यांच्या गणनेवरही खरे उतरत नव्हते. तरीही त्याला हसण्याचे कारण नाही. मराठी वाङ्मयेतिहासात 'संतकाव्य' आणि 'पंतकाव्य' अशा दोनच खणांत सगळे बसवण्याची सोय आपणही पुष्कळ काळ वापरली आहे. प्रारंभीच्या वर्गीकरणाचे काम विषय नजरेसमोर आणणे एवढेच असते. तो नेमका सांगण्याचे काम नंतरच्यांचे.

या तिसऱ्या, सर्वांत लहान एकाक्षाचे आप्त म्हणजे कोपेपॉड. कोळंबी, खेकडे यांच्याच कवचधारी कुळातले हे जीव. बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे, आणि समुद्रातल्या तरंगत्या प्राण्यांत, म्हणजे प्राणिप्लवकांत, बहुतेक ठिकाणी संख्येने सर्वांहून अधिक. आपल्या किनाऱ्यावरचा जवळा यांच्यापुढे धिप्पाड म्हणावा लागेल. बांगड्याच्या पोटात जे अन्न सापडते त्यात यांचा वाटा मोठा असतो. अन्नसाखळीत वनस्पतिप्लवक आणि मासा यांच्यामधला दुवा तो हाच.

एकाक्षांच्या या गर्दीतून पहिली खरी निवड केली डेन्मार्कच्या ओटो फ्रेडरिक म्यूलर याने. त्याचा 'एंटोमोस्ट्राका' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७८५ साली प्रसिद्ध झाला. म्यूलरही पुराणकथांचाच भक्त. गोड्या पाण्यातल्या एकाक्षाला त्याने 'सायक्लॉप्स' हे नाव दिले. (पुढे १८७० मध्ये फेडचेन्को या रशियन संशोधकाने नारूचे जंतू याच सायक्लॉप्सच्या देहात वाढतात हे दाखवले. महाराष्ट्रातल्या पायविहिरींचा आणि या ग्रीक राक्षसाचा संबंध असा आला. भारत नारूमुक्त ठरायला २००० साल उजाडावे लागले.) त्याच पाण्यात सापडणाऱ्या आणखी काही अंडाकृती, तीन जोड पायांच्या जीवांना म्यूलरने दोन स्वतंत्र वंश कल्पून 'ॲमिमोनी' आणि 'नॉप्लियस' अशी नावे दिली. ग्रीक कथेत ॲमिमोनी ही पोसायडनची प्रिया आणि नॉप्लियस हा तिचा दर्यावर्दी मुलगा.

पण हे मायलेक स्वतंत्र प्राणीच नव्हते. ती सायक्लॉप्सची आणि त्याच्या भाईबंदांची पिल्ले होती. जिनीव्हाच्या लुई ज्युरीन याने हे जीव पाण्यात वाढवून त्यांची स्थित्यंतरे टिपली. त्याचाही ग्रंथ मरणोत्तरच, १८२० चा. अंड्यातून निघालेले पिल्लू कात टाकत टाकत पूर्ण रूपाला येते. आज आपल्याला सहा नॉप्लियस-अवस्था आणि त्यांनंतरच्या, प्रौढावस्था धरून, आणखी सहा अशी बारा पायऱ्यांची मांडणी ठाऊक आहे. म्यूलरचा वंश मोडला, पण शब्द टिकला: 'नॉप्लियस' हे आज कवचधारींच्या आद्य डिंभाचे सामान्यनाम आहे. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही घटना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. मात्र इथे ते नाव एका चुकीच्या पोटातून आले आहे, आणि ती चूक उपयोगीच पडली. माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहणारा, पायांचा मागमूस न उरलेला 'लर्नीया' हा परजीवी लिनियसने कृमींमध्ये टाकला होता. १८३२ मध्ये नॉर्डमन याने अशा परजीवींच्या अंड्यांतून नॉप्लियस बाहेर पडताना दाखवला आणि हा कृमी कोपेपॉडांच्या घरातला ठरला. प्रौढ देहाने दडवलेले कूळ बालरूपाने उघड केले.

'कोपेपॉड' ही संज्ञा १८३० मध्ये आँरी मिल्न-एडवर्ड्सने घडवली. 'कोपे' म्हणजे वल्हे, 'पोदोस' म्हणजे पाय. मराठीत 'वल्हपाद' म्हणता येईल. डोळ्यावरून पायावर झालेला हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. डोळा दिसण्यात ठळक, तर पाय रचनेत विश्वसनीय. पुढच्या दोनशे वर्षांतले बहुतेक वाद याच पायांच्या सांध्यांवर, काट्यांवर आणि केसांवर झाले.

त्यांतला एक वाद विस्ताराने सांगण्याजोगा आहे. ट्रॉन्डहाइमचे बिशप योहान अर्न्स्ट गुन्नेरुस धर्मकार्यासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत फिरत, आणि वाटेत दिसेल त्या जीवाची नोंद करीत. त्यांनी १७७० मध्ये फिनमार्क प्रांताच्या नावाने 'मोनोक्युलस फिनमार्किकस'चे वर्णन केले. १८१६ मध्ये विल्यम लीच याने 'कॅलेनस' हा वंश स्थापला आणि पुढे ही जाती त्यात गेली. अलेक्झांडरबरोबर भारतातून गेलेल्या आणि इराणात स्वतःच्या चितेवर चढलेल्या तपस्व्याला ग्रीक इतिहासकारांनी दिलेले नावही हेच. १८६३ मध्ये कार्ल क्लाउसने हेलगोलंड बेटाच्या नावाने याच वंशातली दुसरी जाती सांगितली: कॅलेनस हेल्गोलांडिकस. दोन्ही इतक्या सारख्या की अनेकांनी दुसरे नाव पहिल्यातच जमा केले.

हे नाव पुन्हा वेगळे काढले गेओर्ग ओसियन सार्स यांनी. सार्स यांचे घर साहित्याचेच होते. वडील मायकेल सार्स धर्मोपदेशक आणि निसर्गाभ्यासक, आई कवी वेलहावेनची बहीण, भाऊ एर्न्स्ट इतिहासकार, आणि बहीण एवा ही ध्रुवप्रवासी नान्सेनची पत्नी. त्यांचे मधले नाव 'ओसियन' म्हणजे ज्याच्या काव्यांच्या खरेखोटेपणावर अठराव्या शतकात युरोप भांडला, त्या गेलिक भाटाचे! १८६४ पासून सार्स लोफोटेनच्या कॉड-मासेमारीचा सरकारी अभ्यास करीत होते. कॉडची अंडी तळाशी न बसता पाण्यात तरंगतात, हा शोध त्यांचाच. नॉर्वेच्या कवचधारींवरचा त्यांचा बहुखंडी ग्रंथ १८९५ पासून निघू लागला. त्यातली चित्रे त्यांनी स्वतः काढली, आणि ती आजही उघडून पाहिली जातात. पाठचिकित्सकाने दोन पोथ्यांतला एका मात्रेचा फरक धरून ठेवावा, तसा त्यांनी पाचव्या पायाच्या मुळाशी असलेल्या दंतपंक्तीचा फरक धरून ठेवला. फिनमार्किकसची ती ओळ जवळजवळ सरळ, हेल्गोलांडिकसची आत वळलेली. सूक्ष्मदर्शकाखाली पाय उलटून पाहिल्यावाचून ते कळत नाही.

असल्या दातांच्या ओळीने काय साधले, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर सार्स यांच्याजवळ विद्येखेरीज दुसरे उत्तर नव्हते. उत्तर यायला शतक लागले. ॲलिस्टर हार्डी यांनी १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक यंत्र ओढायला सुरुवात केली. आत शिरणाऱ्या पाण्यातले प्लवक हळूहळू सरकणाऱ्या रेशमी पट्टीवर गाळले जाई. या पट्ट्या मोजताना १९५८ पासून दोन्ही कॅलेनस वेगळे नोंदवले जाऊ लागले. म्हणूनच २००२ मध्ये ग्रेगरी बोग्राँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ईशान्य अटलांटिकमधल्या उष्ण पाण्याच्या कोपेपॉडांचे समुदाय चाळीस वर्षांत दहा अक्षांशांहून अधिक उत्तरेकडे सरकले, असे दाखवता आले. उत्तर समुद्रात फिनमार्किकस मागे हटला आणि त्याची जागा हेल्गोलांडिकसने घेतली. पहिला वसंतात मुबलक, दुसरा शरदाच्या सुमारास. आणि कॉडच्या पिल्लांना भूक वसंतात लागते. दोघे एकाच नावाखाली मोजले गेले असते तर आकड्यांत ही अदलाबदल बरीचशी बुजून गेली असती.

नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्रात बसून विल्हेल्म गीस्ब्रेख्ट याने १८९२ मध्ये जो चौपन्न चित्रफलकांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यावर खरे तर स्वतंत्र लेख हवा. समानार्थी नावांचा एवढा गुंता इतक्या शांतपणे फार थोड्यांनी सोडवला असेल. आपल्या समुद्रापुरते ते काम सीमोर स्यूएल यांनी केले. 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरचे हे शल्यवैद्य-निसर्गशास्त्रज्ञ पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक झाले. 'भारतीय समुद्रांतले कोपेपॉड' हा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ असा दोन भागांत आला, आणि १९३३-३४ मध्ये त्यांनी 'मबाहिस' या इजिप्ती जहाजावरून अरबी समुद्राची मोहीम चालवली. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या जाळ्याने गोळा केलेले प्लवक कोचीच्या केंद्रात निवडले गेले. ते केंद्र पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सामावले. तांदूळ निवडावेत तशी बरण्यांतली ही निवडणी. मोहिमांच्या इतिहासात जहाजांची नावे येतात. निवडणाऱ्यांची सहसा येत नाहीत.

१९९४ मध्ये आर्थर ह्यूम्स यांनी ज्ञात जाती साडेअकरा हजारांच्या आसपास धरल्या आणि प्रत्यक्षात त्या पाऊण लाख असाव्यात असा अंदाज दिला. ही भर केवळ नव्या समुद्रांतून यायची नाही, जुन्या नावांच्या पोटातूनही यायची आहे. फिनमार्किकसचा आणखी एक भाऊ, ग्लेसियालिस, १९५५ मध्ये याश्नोव्ह यांनी वेगळा केला. उत्तरेकडचे संशोधक या दोघांना बहुधा लांबीवरून ओळखत: मोठा तो ग्लेसियालिस. अलीकडच्या आनुवंशिक तपासणीत ही मोजपट्टी फसवी ठरली. दोघांच्या लांबीचे पल्ले एकमेकांत मिसळलेले निघाले, आणि ज्याला शीत समुद्राचा रहिवासी समजत होते तो ग्लेसियालिस नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या फ्योर्डांतही सापडला. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळवणे कठीण असते. त्यामुळे लांबीच्या भरवशावर लिहिलेल्या अनेक दशकांच्या नोंदींत 'फिनमार्किकस' हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे तो नेमका कोणाचा, हे आता पुन्हा वाचावे लागत आहे.