डबीवरची बेरीज

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ सोलहून आला, तो आत्यासाठी लाल जिनसेंगच्या कॅप्सूलची डबी घेऊनच. आत्याला जुना मधुमेह. तळपायाची जखम तीन महिने झाले तरी भरत नव्हती. "तिकडे सगळे घेतात, रक्ताभिसरण सुधारतं," तो म्हणाला. काका मात्र विचारात पडले. "हिची कॅन्सरची गाठ काढून दोनच वर्षं झालीत. चालेल का हे?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून शब्दशः मुळापासून सुरुवात केली.

१७०९ साली पियेर जार्तू हा फ्रेंच जेझुइट चीनच्या सम्राटासाठी नकाशे काढत कोरियाच्या सीमेजवळ पोचला. तिथे त्याने हे मूळ चाखलं. पुढे एकदा घोड्यावर बसवेना इतका थकलेला असताना अर्धं मूळ खाल्लं आणि तासाभरात तरतरी आली, असं त्याने १७११च्या पत्रात लिहिलं. वर एक अंदाजही केला: असेच डोंगर, असंच जंगल कॅनडात आहे, तिथेही हे मिळेल.

ते पत्र कॅनडात लाफितो या दुसऱ्या जेझुइटाच्या वाचनात आलं. १७१६मध्ये मॉन्ट्रियलजवळ त्याला तसंच झाड सापडलं. मोहॉक लोकांना ते औषध म्हणून आधीपासूनच माहीत होतं. मग अमेरिकेतलं जिनसेंग जहाजं भरभरून चीनला जाऊ लागलं. लिनियसने या कुळाला 'पॅनॅक्स', म्हणजे सर्व रोगांवरचा उपाय, असं नाव दिलं.

चिनी वैद्यांनी मात्र दोन्ही मुळं कधी एक मानली नाहीत. आशियातलं उष्ण, अमेरिकेतलं थंड, असं ते सांगत. युरोपीय लोकांना ही निव्वळ समजूत वाटली असती.

आता जरा जखमेकडे येऊ. जखम भरायची तर तिथे नव्या केशवाहिन्या फुटाव्या लागतात. मधुमेहात हे काम रेंगाळतं. १९७१मध्ये ज्युडा फोकमन या सर्जनने मांडलं की कॅन्सरच्या गाठीलाही वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणजे आत्याच्या पायाला जे हवं, तेच गाठीच्या बाबतीत नको. काकांची शंका नेमकी हीच होती.

२००४ साली शिलादित्य सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात जिनसेंगमधल्या दोन संयुगांचा अभ्यास छापला. आरजी-१ रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना वाढवतं, नव्या नळ्या तयार करायला लावतं. आरबी-१ नेमकं उलट करतं: त्या पेशींची पहिली हालचालच रोखतं. कुठलं जिनसेंग काय करेल, हे दोघांच्या प्रमाणावर ठरतं. अमेरिकन मुळात आरबी-१चं पारडं जड असतं. वैद्यांचा उष्ण-थंड हा भेद अगदीच हवेतला नव्हता तर.

मला वाटलं, उत्तर मिळालं. पण २००६मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या भाजलेल्या जखमांवर हेच आरबी-१ अत्यल्प प्रमाणात लावलं, तेव्हा नव्या रक्तवाहिन्या वाढल्या आणि जखमा लवकर भरल्या! काचेच्या बशीतल्या पेशी आणि जिवंत कातडी, थेंब आणि थेंबाचा अतिसूक्ष्म अंश, यांत इतकं अंतर पडतं. आणि उंदराच्या कातडीवर लावणं म्हणजे आत्याने कॅप्सूल गिळणं नव्हे.

मी भावाला डबीवरचं कोरियन वाचायला लावलं. तिथे मिलिग्रॅममध्ये एकच आकडा होता: आरजी-१, आरबी-१ आणि आरजी-३ यांची बेरीज. यातलं आरजी-३ रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं म्हणून चीनमध्ये कॅन्सरच्या उपचारात वापरतात. वाढवणारं आणि रोखणारं, सगळं एकाच आकड्यात. कुठलं किती, याचा पत्ता नाही.

आत्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डबी बाजूला ठेवायला सांगितली. साखर ताब्यात, रोज ड्रेसिंग, पायावर भार नको, एवढंच. भाऊ थोडा हिरमुसला.

डबी अजून कपाटात आहे. जखम आता रुपयाच्या नाण्याएवढी उरलीय.