रेषा कुठे ओढायची? सुखात्मे, दांडेकर आणि दोन चुका

टाइप वन आणि टाइप टू एररच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील. खरी शून्य परिकल्पना नाकारली तर पहिली चूक, खोटी असूनही नाकारली नाही तर दुसरी. परीक्षेला एवढं पुरतं, संशोधनाला पुरत नाही. का, ते सांगते.

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या मढची अंगणवाडी घ्या. मुलाचं वजन करून तक्त्यावर टिंब मांडलं जातं. वयाच्या मानाने वजन मध्यकाच्या दोन प्रमाण विचलनांहून खाली असेल, तर मूल कमी वजनाचं ठरतं. पण पूर्ण निरोगी मुलांमध्येही 100 पैकी दोन-तीन मुलं या रेषेखाली येणारच. ही झाली टाइप वन एरर. उलट, एखादं मूल रेषेच्या वर असूनही उपाशी असू शकतं. ही टाइप टू.

या दोन चुकांची मांडणी येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी 1933 च्या सुमारास केली. त्याच वर्षांत लंडनला त्यांच्याकडे शिकत होते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे 1951 पासून सुमारे वीस वर्षं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. तिथे जगातले उपाशी किती, हे मोजायचं काम त्यांच्याकडे आलं.

इकडे पुण्यात, 1971 साली, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निकष होता माणशी रोज सरासरी 2250 कॅलरी. त्यानुसार 1960-61 मध्ये ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के लोक गरीब ठरले.

निवृत्तीनंतर पुण्यात आलेल्या सुखात्म्यांचा आक्षेप या सरासरीवरच होता. प्रत्येकाची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही रोज बदलते. सरासरी हीच रेषा धरली तर धडधाकट माणसांपैकी जवळपास निम्मे उपाशी ठरतील. म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली हवी. दांडेकरांचं म्हणणं, दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावू नका.

इथे नीट बघा. रेषा खाली नेली की टाइप वन एरर घटते, पण टाइप टू वाढते. दिवसभर भातखाचरात राबणाऱ्या बाईची गरज सरासरीहून जास्त असते. खालच्या रेषेला ती पोटभर जेवलेली दिसेल आणि सरकारी योजना तिच्यापर्यंत पोचणारच नाही. वरच्या रेषेने मात्र ज्यांना गरज नाही त्यांच्यावरही पैसा जाईल. कुठली चूक जास्त महाग, हे गणित सांगत नाही. नेमन आणि पिअर्सन यांनीही तो निर्णय संशोधकावरच सोडला होता.

म्हणून प्रबंधाचा आराखडा लिहिताना ‘5 टक्के सार्थकता पातळी’ सवयीने टाकू नका. माहिती गोळा करण्याआधीच दोन ओळी लिहा: माझी पहिली चूक कोणाला भोवेल, दुसरी कोणाला?

आणि दोन्ही चुका एकदम कमी करायच्या असतील तर रेषा सरकवून भागत नाही, जास्त माहिती लागते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात ते त्यासाठीच. एका टिंबापेक्षा टिंबांची चढती-उतरती ओळ जास्त खरं सांगते.