ओसाड जागेचा कौल

स्पेनमधील मोलिना या जहागिरीच्या जन्माची एक कथा सांगितली जाते. कास्तिल आणि अरागॉन या दोन राज्यांच्या सीमेवरील हा मुलूख कोणाचा, यावरून वाद पडला. लवाद म्हणून कास्तिलचा मातब्बर सरदार काउंट मान्रीके दे लारा याला नेमले. त्याने निवाडा दिला की मुलूख याचाही नाही, त्याचाही नाही, तो माझा! दोन मांजरे, माकड आणि लोण्याचा गोळा ही आपली गोष्ट आठवावी, असाच हा प्रकार.

कथेतील वाद काल्पनिक नाही. अरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात मोलिना मुसलमान सत्तेकडून जिंकले. ११३४ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि सीमेवरचे सारे हक्क संदिग्ध झाले. मात्र या कथेत एका घटकाला जागाच नाही : तिथे राहणाऱ्या माणसांना.

ती जागा मान्रीकेच्या ११५४च्या सनदेत सापडते. अशा सनदेला स्पॅनिशमध्ये ‘फुएरो’ म्हणतात. ओसाड गाव वसवण्यासाठी आपल्याकडे कौल देत, त्याच जातीची ही सनद. हे पुरातन ठिकाण ओसाड आहे आणि ते वसावे अशी माझी इच्छा आहे, असे काउंट तिच्या आरंभीच सांगतो. पुढे तो रयतेला विलक्षण हक्क देतो : माझ्या मुलांपैकी किंवा नातवंडांपैकी जो तुम्हाला आवडेल आणि तुमचे भले करील, तो तुमचा धनी.

हे औदार्य गरजेतून आले होते. सरहद्दीवर जमीन मुबलक होती, माणसे नव्हती. आणि माणसांवाचून जहागीर म्हणजे नुसता माळ. निवाड्याने मुलूख हाती आला असेलही, पण तो टिकवायचा तर वस्ती हवी होती.

मान्रीके ११६४ मध्ये उएतेच्या लढाईत पडला. त्याच्या वंशाची सत्ता १२९३ पर्यंत चालली; मग जहागीर कास्तिलच्या राजघराण्यात विलीन झाली. १३६९ मध्ये राजा दुसरा एन्रीके याने ती आपला फ्रेंच सेनानी बेरत्राँ द्यु गेक्लँ याला बक्षीस दिली. मोलिनाकरांनी हा धनी नाकारला आणि ते अरागॉनच्या चौथ्या पेद्रोला जाऊन मिळाले. १३७५च्या तहाने मुलूख कास्तिलकडे परतला. गावाचे नाव मात्र आजही ‘मोलिना दे अरागॉन’ आहे.

दंतकथेत जहागीर एका चतुर माणसाने मिळवली. कागदपत्रांत ती वसली लोकांच्या संमतीने, आणि ती संमती काढून घेता येते, हेही त्याच लोकांनी दाखवून दिले.